पुसलेला कोड

हे लिहायचं मी पाच वर्षं टाळलं. मंडळाच्या वार्षिक अंकात दर वेळी काही ना काही लिहीत आलो. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीच्या गमती लिहिल्या, चंदनसारला राहायला आलो तेव्हा खिडकीतून भातखाचरं दिसायची, तेही लिहून झालं. गॅरेजवाल्या हरूदादांवर मात्र एक ओळ लिहिली नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते आठवत असतील. पण जे आठवत असेल ते बहुधा चुकीचं आहे, आणि ते चुकीचं असण्याला मी जबाबदार आहे. आता वयाची पंचाहत्तरी आली. आणखी टाळलं तर हे माझ्याबरोबरच जाईल.

गाडीचं दुखणं जिभेने ओळखणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. इंजिन तापतं म्हणून कोणी गाडी आणली, की हरूदादा आधी रेडिएटरमधल्या पाण्याचा रंग बघायचे. हिरवं असेल तर बोटसुद्धा लावायचे नाहीत. "त्या कूलंटमधी विष असते," म्हणायचे. साधं पाणी दिसलं, की करंगळी बुडवून जिभेच्या टोकाला लावायचे आणि लगेच थुंकायचे. एकदा नवी कोरी गाडी घेऊन एक गृहस्थ आले होते. हरूदादांनी विचारलं, "पानी कुठला घातला?" गृहस्थ म्हणाले, "नळाचं." हरूदादांनी चव घेतली आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या नळाला भरती येते काय हो?" शेडमध्ये बसलेले सगळे हसले. गृहस्थांनी मान खाली घालून सांगितलं, की बिल्डिंगच्या बोरिंगचं खारट पाणी घातलं होतं.

ही जीभ त्यांना घरातून मिळाली होती. त्यांचं गाव खाडीकाठचं, शेती खाजणातली. बांध घालून खाडी अडवायची आणि पावसाने जमिनीतला खार धुऊन नेला, की भात लावायचा. त्यांचे वडील शेतात साचलेलं पाणी चाखून सांगायचे, अजून दोन पाऊस पडू द्या, मग पेरा. हरूदादा म्हणायचे, "बांध फुटला का तीन वर्सं शेत वाया. रेडिएटर पन शेतच समजा. एकदा खारा पानी शिरला का आतल्या नळ्या कुजतात, मंग त्या बुजतात. वरून काय पन दिसत नाय."

त्यांना सगळे 'निवूदे' म्हणायचे. तापलेली गाडी आली, की ते बॉनेट उघडून ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला एका जुन्या जीपच्या सीटवर बसवायचे. झाकणाला हात लावू द्यायचे नाहीत. "निवू दे," एवढंच म्हणायचे. कोणी घाई केली तर आपला डावा हात पुढे करायचे. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली होती. तरुणपणी एका शेटजींच्या घाईपायी गरम झाकण उघडलं होतं, त्याची ती खूण. माझी पत्नी सुलभा त्यांना 'निवूदेभाऊ' म्हणायची, आणि मी कुठल्या गोष्टीवरून तणतणायला लागलो, की मलाही तेच म्हणायची, "त्या सीटवर बसा जरा."

मंडळाची व्हॅन तुम्हाला आठवत असेल. डायलिसिसच्या पेशंटना आठवड्यातून तीनदा खाडीपलीकडच्या केंद्रात नेण्यासाठी एका देणगीदाराने ती दिली होती. गाडीत सहा पेशंट असायचे. त्यांत आचोळ्याचे एक गुरुजी होते, सांडोरच्या फिलोमिना आजी होत्या, आणि आमची सुलभाही होती. विलास गाडी चालवायचा. गाडीची देखभाल माझ्याकडे होती, आणि दुरुस्ती हरूदादांकडे. त्यामुळे त्यांच्या त्या सीटवर मी इतका बसलो, की मला निम्मी मेकॅनिकी आली, असं मलाच वाटायला लागलं.

त्यांनी मला पुष्कळ शिकवलं. हल्लीच्या गाड्यांना संगणक असतो. काही बिघडलं, की तो पिवळा दिवा लावतो आणि एक कोड लिहून ठेवतो. यंत्र जोडलं, की तो कोड वाचता येतो. नुसता कोडच नाही, तर त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, गाडी किती वेगात होती, हेही त्याच्याबरोबर साठवलेलं असतं. नवे पोरगे कोड वाचला, की त्यात नाव आलेला भाग बदलून मोकळे होतात. हरूदादा तसं करायचे नाहीत. "कोड म्हंजे तक्रार करनारा," ते म्हणायचे. "तो चोर नाय. चोर आपन शोधायचा." आणि तापण्याचा कोड आला, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "चालताना तापते का उभी असताना?" उभी असताना तापली तर पंख्याकडे बघायचं, ते अर्ध्या तासाचं काम. पळताना तापली तर पाणीच नीट फिरत नाही; रेडिएटर उतरवायचा, तीन दिवस जायचे. हे मी त्यांच्याकडूनच शिकलो, आणि पुढे त्यांच्यावरच वापरलं.

आणखी एक सवय सांगतो. कामाला घेतलेल्या गाडीची चावी ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचे. मन भरल्याशिवाय ती बाहेर निघायची नाही. मालक रागावो, ओरडो. "गाडी तुमची हाय, पन आता जबाबदारी माजी," म्हणायचे. आमची व्हॅन त्यांनी एकदा चार दिवस अशीच अडकवून ठेवली होती. तेव्हा गुरुजींची डायलिसिसची एक पाळी चुकली, अंगावर सूज आली आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. हरूदादा त्यांना भेटायला गेले होते. गुरुजी म्हणाले, "तुमचं बरोबर होतं हो. गाडी बंद पडली असती तर सहाही जण अडकलो असतो." तरीही त्या चार दिवसांचा धसका माझ्या मनात राहिला.

आता माझं. त्या वर्षी फेब्रुवारीत व्हॅनचं कूलंट थोडं थोडं कमी व्हायला लागलं. हरूदादांनी बजावलं होतं, "हिरवा पानीच घाला, आनि परत कमी झाला तर मना दाखवा." मार्चमध्ये एका सकाळी कूलंटची टाकी रिकामी दिसली. घरातलं कूलंटही संपलेलं होतं, आणि विलास यायच्या बेतात होता. पार्किंगमधल्या बोरिंगच्या नळावर बाटली भरली आणि ओतली. एका दिवसापुरतं, असं स्वतःला सांगितलं. आमचं बोरिंग उन्हाळ्यात किती मचूळ होतं, हे मला माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी तेच केलं, आणि मग रोजच. मेपर्यंत टाकीच्या तोंडाशी पांढरी कड जमली.

विलास सांगायला लागला, "काका, हायवेला गाडी साठच्या वर गेली की काटा चढतो. दिवापण लागतो." पुण्याहून मुलाने मला काड्यापेटीएवढं एक यंत्र पाठवलं होतं. ते स्टिअरिंगखाली जोडलं, की मोबाईलवर कोड दिसायचा. दिसला तो तापण्याचाच होता. खाली एक बटण होतं, 'पुसा'. मी पुसला. एक्स्चेंजमध्ये आम्ही तेच करायचो. अलार्म वाजला, की आधी रिसेट करायचा. परत वाजला, तर तो खरा. चौतीस वर्षांची सवय. फरक एवढाच, की इथे तो रोज परत वाजत होता आणि मी रोज पुसत होतो.

शेवटी एका रविवारी गाडी हरूदादांकडे न्यायची ठरवली. पण नेण्याआधी मी जे केलं, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पहाटे खाली जाऊन रेडिएटरचं पाणी सोडलं. घरच्या फिल्टरचं पाणी भरलं, इंजिन फिरवलं, तेही सोडलं, पुन्हा भरलं. असं तीनदा केलं. मला त्यांच्या जिभेची भीती होती. टाकीच्या तोंडाची पांढरी कड जुन्या टूथब्रशने घासून काढली. मग कोड पुसला आणि गाडी शेडवर नेली.

"काय एक्स्चेंजवाले, रविवारचे?" हरूदादा म्हणाले.

"विलास म्हणतो, जरा तापते."

"चालताना का उभी असताना?"

"उभी असताना," मी म्हणालो. "सिग्नलला."

त्यांनी आपलं यंत्र जोडलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "एक पन कोड नाय? तापली म्हनता, आनि तक्रार कोनाचीच नाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुसला नाय ना कोनी?"

"छे, कोण पुसणार?"

त्यांनी गाडी निवू दिली, झाकण उघडलं. "हिरवा नाय?" त्यांनी विचारलं. "कूलंट संपलं होतं, फिल्टरचं घातलं," मी म्हणालो. त्यांनी करंगळी बुडवली. "गोडा हाय," ते म्हणाले. पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. पंखा चालू करणारा एक रिले खरोखरच कमजोर निघाला. तो त्यांनी बदलला. पंखा जोरात फिरायला लागला. तरी चावी खिशातच.

"मन भरत नाय, साहेब. तीन दिवस ठेवा. रेडिएटर उतरवून बघतो."

मी गुरुजींच्या सुजेची आठवण करून दिली. उद्या सोमवार आहे, सहा माणसं आहेत, असं म्हणालो. ते सगळं खरं होतं, आणि मी ते खोट्यासारखं वापरलं. सुलभासाठी मी टॅक्सी करू शकलो असतो. बाकी पाच जणांची सोयही मंडळाने तीन दिवस कशीतरी लावली असती. खरी गोष्ट वेगळी होती. रेडिएटर उतरवला असता, तर आतला खार दिसला असता, आणि ज्या माणसाने मला दहादा बजावलं होतं, त्याच्यासमोर त्या सीटवर बसून मला म्हणावं लागलं असतं, की चुकलो. चौतीस वर्षं लोकांच्या तक्रारी नोंदवलेल्या मला, एका गॅरेजवाल्यापुढे हे म्हणायचं नव्हतं. बस, एवढंच.

हरूदादांनी खिशातून चावी काढली. "तुमी सांगता म्हंजे तसाच असल," म्हणाले आणि माझ्या तळहातावर ठेवली.

सोमवारी दुपारी आम्ही खाडीपुलाच्या अलीकडे होतो. हायवेवर गाडीने वेग घेतला, तसा काटा चढायला लागला. पुढे गाड्या तुंबल्या आणि आम्ही मधल्या रांगेत अडकलो. दोन्ही बाजूंना ट्रेलर, पुढे टँकर. बाजूला घ्यायला हातभर जागा नाही. लाल दिवा लागला.

"काका, दिवा," विलास हळूच म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसलो होतो. ते काड्यापेटीएवढं यंत्र माझ्या खिशात होतं. विलासने एसी बंद केला आणि हीटर लावला. इंजिनची उष्णता आत ओढून घ्यायची, ही युक्तीही हरूदादांनीच शिकवलेली. मे महिन्याची दुपार, आणि गाडीत हीटर. मागे सहा माणसं, ज्यांना दिवसभरात पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं. गुरुजी म्हणाले, "आज काय आम्हाला उकडूनच नेणार का काका?" कोणीतरी हसलं. नंतर कोणी हसलं नाही. फिलोमिना आजींच्या हातातली जपमाळ तेवढी हलत होती. सुलभाने पदराचं टोक ओठांवर धरलं होतं आणि ती आरशातून माझ्याकडे बघत होती. का तापली, हे त्या गाडीत एकट्या मलाच माहीत होतं, आणि मी काचेतून पुढच्या टँकरकडे बघत होतो. दार उघडून उतरावं, तर दोन ट्रेलरच्या मधे उभं राहायलाही जागा नव्हती. बॉनेटखालून वाफ आली, इंजिनाने एक कर्कश आवाज केला आणि ते बंद पडलं.

तिथे आम्ही अडीच तास होतो. शेवटी ट्रेलरवाल्यांनीच मदत केली. एकेकाला आधार देऊन कडेपर्यंत नेलं. केंद्रातल्या सहाही पाळ्या गेल्या होत्या. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी घेतलं. गुरुजींना मात्र अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. ते वाचले. पण त्यानंतर ते पूर्वीसारखे बोलले-हसले नाहीत.

व्हॅन ओढून हरूदादांच्या शेडवर नेली. इंजिनाचं हेड तडकलं होतं. तीन दिवसांनी, मंडळाच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी, हरूदादा आमच्या घरी आले. त्यापूर्वी ते कधी आले नव्हते. शर्टाच्या वरच्या खिशात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी होती. त्यांचा हात दोनदा तिच्याकडे गेला. त्यात आतल्या नळ्यांतला खार असणार, हे मला कळलं होतं. रेडिएटर कापून बघितला होता त्यांनी.

तेवढ्यात सुलभा भिंतीला धरत बाहेर आली. "निवूदेभाऊ, बसा ना. मी चहा टाकते."

"नको वयनी, तुमी बसा," ते म्हणाले. तिच्या हातावरच्या सुयांच्या गाठींकडे त्यांचं लक्ष गेलं. मग ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते वाट बघत होते, जशी गाडी निवायची वाट बघायचे तशी. मी टीव्हीचा आवाज कमी केला, पुन्हा वाढवला. चहा न घेताच ते उठले. पुडी खिशातच राहिली.

बैठकीत विलासने जे त्याला माहीत होतं ते प्रामाणिकपणे सांगितलं, "दिवा लागत होता. मी काकांना सांगितलं, काकांनी गाडी हरूदादांना दाखवून आणली." अध्यक्षांनी हरूदादांना विचारलं, "रविवारी तुम्ही गाडी तपासून दिलीत. मग सोमवारी असं कसं झालं?"

हरूदादांनी पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. सुलभा माझ्या शेजारीच बसली होती. गुरुजींचा मुलगा समोर उभा होता आणि त्याचे डोळे लाल होते. मी समोरच्या सतरंजीचे पट्टे मोजत होतो.

"माज्या हातून राहिला," हरूदादा म्हणाले. "पंखा बघून सोडली. रेडिएटर उतरवायला पायजे होता."

त्यावर बरंच बोललं गेलं. गुरुजींचा मुलगा म्हणाला, "जीभ लावून गाड्या दुरुस्त होतात का?" कोणी त्याला अडवलं नाही. मीही नाही.

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठलं. "हरूदादा..." एवढं म्हणालो आणि अडलो. लोक उतरत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर भाजलेला हात ठेवला. "निवू द्या, साहेब. गरम असताना झाकन खोलू नये. वयनी हायत, गुरुजी हायत. निवल्यावर खोला." आणि ते उतरून गेले.

त्यांनी मला वेळ दिला होता. मी त्याचा अर्थ सुटका असा घेतला.

त्या वर्षात शेडवर गाड्या येईनाशा झाल्या. आपल्यापैकीच कितीतरी जणांनी गॅरेज बदललं. आठ महिन्यांनी सुलभा गेली, तिच्या आजारानेच. हरूदादा आले, दारात चपला काढून भिंतीशी बसले. निघताना माझ्याकडे बघून त्यांनी भुवया किंचित वर केल्या, जणू विचारत होते, निवलं का? मी हात जोडले. त्यांना वाटलं असेल, आज नको, आज घरात दुःख आहे. त्यानंतर मी तीन वेळा शेडवर गेलो. एकदा स्कूटरचा ब्रेक दाखवला, एकदा टायर. तिसऱ्यांदा गेलो, तर शेडच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, ते गावाला शेती करतात आता.

गावाला जायला मला दोन वर्षं लागली. मागच्या डिसेंबरमध्ये गेलो. तोंडाने बोलता येणार नाही म्हणून कागदावर लिहून नेलं होतं. बांधावरून चालत घर शोधलं. अंगणात त्यांचा मुलगा भाताची पोती शिवत होता. त्याने मला ओळखलं नाही. बाबा गणपतीनंतर गेले, असं त्याने सांगितलं. आतून तांब्या आणला. "पानी घ्या. आमच्या विहिरीचा हाय, गोडा हाय."

मी प्यायलो. मग त्याने विचारलं, "काय काम होता बाबांकडे?"

"काही नाही," मी म्हणालो. "गाडी दाखवायची होती."

तो हसला. "गाडी! बाबांनी नंतर गाडीला हात लावला नाय. मंडळाची गाडी माज्या चुकीनी गेली, एका मास्तराचे हाल झाले, असा बोलायचे. मी बोलायचो, बाबा, होते चूक मानसाकडून. तर उठून बांधावर जायचे."

म्हणजे घरातही त्यांनी ती पुडी उघडली नव्हती. त्यांच्या मुलालाही वाटतं, की चूक त्याच्या बापाची होती. त्या क्षणी सांगायला हवं होतं. मुलगा समोर होता, कागद माझ्या खिशात होता, आणि मी तांब्या खाली ठेवून म्हणालो, "येतो."

हा अंक छापून आला, की त्याची एक प्रत मी स्वतः त्या घरी नेऊन देणार आहे. मुलाला खरं कळेल. तुम्हा सगळ्यांनाही कळेल. पण ज्यांच्यासाठी तो कागद लिहिला होता, त्यांच्यापर्यंत तो आता पोचणार नाही. घडीवर घडी पडून तो फाटायला आला आहे. त्यावर एवढंच लिहिलेलं आहे:

"हरूदादा, गाडी चालताना तापत होती. पाणी बोरिंगचं होतं. कोड मीच पुसला होता. तुमच्या हातून काही राहिलं नव्हतं. मला माफ करा."